ट्रॉल्या नकोत काका, तारीख द्या!

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. त्यातले पहिले नऊ महिने घरमालक आणि आपण एकमेकांना फक्त दिवाळीच्या शुभेच्छांपुरते आठवतो. दहावा लागला की फोन येतो. ‘काय, कसं काय? पाणीबिणी येतंय ना नीट?’ ही चौकशी पाण्याची नसते, हे मुरलेल्या भाडेकरूला बरोबर कळतं. पूर्वी या फोनच्या शेवटी एकच वाक्य यायचं, ‘यंदा थोडं वाढवावं लागेल हां.’ आता त्याच्या आधी आणखी एक गोड वाक्य येतं. ‘किचनमध्ये ट्रॉल्या बसवून देतो.’ किंवा ‘बेडरूमला एसी लावतो.’ किंवा ‘हॉलच्या एका भिंतीला मस्त टेक्स्चर करून घेऊ.’

हा फंडा ऑफिसवाल्या मंडळींना नवा नाही. आपण पेपर टाकला की वर्षभर आपलं नावही धड न उच्चारणारा बॉस अचानक कॉफीला घेऊन जातो आणि ‘तुझ्यासाठी काहीतरी प्लॅन करतोय’ म्हणतो. घराच्या बाबतीतही तेच. फक्त इथे कॉफीऐवजी ट्रॉल्या असतात.

माझी एक मैत्रीण न्यू जर्सीत राहते. तिकडे हा सगळा प्रकार फारच शिस्तीत चालतो. तिच्या कॉम्प्लेक्सचा मालक म्हणजे एक कंपनी. लीज संपायच्या दोन-तीन महिने आधी पत्र येतं. अमुक तारखेच्या आत रिन्यू केलंत तर कार्पेट धुऊन देऊ, जुना डिशवॉशर बदलून देऊ, एक भिंत तुमच्या आवडीच्या रंगात रंगवू. घर रिकामं पडलं तर काय नुकसान होतं, याचा हिशेब त्यांच्या कॉम्प्युटरला पाठ असतो. आपल्याकडे मालक म्हणजे कंपनी नव्हे, काका असतात. रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेला किंवा परदेशातल्या मुलासाठी घेऊन ठेवलेला दुसरा फ्लॅट. त्यामुळे हिशेब कुणी करत नाही. काका मनाला येईल ते देऊ करतात आणि आपण मनाला येईल तसं हो किंवा नाही म्हणतो.

आम्ही दोघी रूममेट कोथरूडला राहतो. टू बीएचके, तिसरा मजला, भाडं २८ हजार, डिपॉझिट एक लाख. रूममेट कल्याणीनगरला नोकरी करते, त्यामुळे मार्च २०२४ मध्ये मेट्रो वनाझपासून थेट रामवाडीपर्यंत धावायला लागली तेव्हा तिच्या आयुष्यात दिवाळी आली. (आणि आमच्या भागातल्या घरमालकांच्याही, पण ते असो.) २०२५ च्या जुलैत काकांचा फोन आला. ऑफर अशी होती : किचनला स्टीलच्या ट्रॉल्या, वरती कॅबिनेट, भाडं ‘फक्त’ तीन हजारांनी वाढवू.

ट्रॉल्या! ओट्याखाली डबे कोंबून, कुकर काढायचा तर आधी तीन पातेली बाहेर काढावी लागणाऱ्या कुठल्याही पुणेकर मुलीला विचारा, हा शब्द कानाला किती गोड लागतो ते. रूममेट तर लगेच चमचे कुठल्या खणात ठेवायचे ते ठरवायला बसली. मी कॅल्क्युलेटर उघडला. (स्वभाव. इलाज नाही.)

ओळखीच्या सुताराने तेवढ्या कामाचे ४८ हजार सांगितले. महिन्याला तीन हजार जास्त म्हणजे सोळा महिन्यांत ट्रॉल्यांचे पैसे आम्हीच फेडणार, आणि ट्रॉल्या पुढची दहा वर्षं काकांच्या भिंतीला. आता न्यायाने बोलायचं तर भाडं एरवीही पाच टक्के वाढलंच असतं, म्हणजे १,४०० रुपये. तेवढे सोडले तर ट्रॉल्यांसाठी म्हणून महिन्याला १,६०० उरतात आणि फेड तीस महिन्यांवर जाते. तरीही प्रश्न राहतोच. करार अकरा महिन्यांचा, फेड तीस महिन्यांची. मधल्या काळात काकांनी ‘आता किचन बघा कसलं झालंय, पुढच्या पार्टीकडून ३५ मिळतात’ म्हटलं तर? घर सुंदर झालं की ते आपल्याला परवडेनासं होतं, हा या अपग्रेडमधला डोक्याला शॉट देणारा भाग आहे. आपल्याला थांबवण्यासाठी जे बसवलं, त्याचाच फोटो उद्या आपल्या जागी येणाऱ्याला दाखवायचा असतो.

मग दुसऱ्या बाजूचं गणित मांडलं. आम्ही निघालो तर काकांचं काय होतं? घर एक महिना रिकामं, २८ हजार गेले. नव्या भाडेकरूआधी रंग लागतो, आमच्या बिल्डिंगमधल्या पेंटरने २४ हजार सांगितले होते. आमच्या भागातला एजंट मालकाकडूनही अर्ध्या महिन्याचं घेतो, १४ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स चालूच, अडीच हजार. झाले ६८,५००. आणि आमचं? नवीन घराचं ब्रोकरेज महिन्याभराचं, म्हणजे तीस हजाराच्या आसपास. टेम्पो आणि हमाल नऊ हजार. वायफाय, गिझर, गॅसची शेगडी जोडणं-काढणं तीन हजार. म्हणजे ४२ हजार. शिवाय नव्या घराचं डिपॉझिट आधी द्यायचं आणि जुन्याचं नंतर कधीतरी मिळायचं, त्यामुळे एक लाख रुपये अधांतरी. दोन्ही बाजू धरल्या तर लाखाच्या वर रुपये पेंटर, एजंट आणि टेम्पोवाल्याच्या खिशात जाणार. मला त्यांच्याबद्दल काही राग नाही, पण माझ्याबद्दल थोडं प्रेम आहे.

रिन्यूअलची खरी वाटाघाट या लाखभर रुपयांच्या आत होत असते. काका देऊ करतात ती ट्रॉली म्हणजे त्यांच्या वाचणाऱ्या ६८ हजारांतला एक तुकडा असतो, बक्षीस नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की तोंडातून आपोआप ‘थँक्यू काका’ निघत नाही, ‘बघते काका’ निघतं.

आणि इथे एक भन्नाट गोष्ट लक्षात आली. अकरा महिन्यांचा करार दर वेळी एक महिना मागे सरकतो. आम्ही राहायला आलो नोव्हेंबर २०२३ मध्ये. पहिला करार संपला सप्टेंबर २०२४ अखेर. दुसरा ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि ३१ ऑगस्ट २०२५ ला संपणार होता. आता कॅलेंडर बघा. गणपती २७ ऑगस्टला. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. त्याला लागून पितृपक्ष, २१ तारखेच्या सर्वपित्री अमावस्येपर्यंत. गणपतीत कोण घर शोधायला बाहेर पडतंय? आणि पितृपक्षात कोथरूडमध्ये नव्या घराची किल्ली घेणारा माणूस शोधून दाखवाच. म्हणजे घटस्थापनेपर्यंत काकांचं घर रिकामं राहण्याची जवळपास गॅरंटी. तुमचा करार कुठल्या महिन्यात संपतो, हे आजच बघून ठेवा. शाळा-कॉलेजांच्या तोंडावर, मे-जूनमध्ये संपत असेल तर तुमचा भाव जरा कमी. पितृपक्षात संपत असेल तर पितरांचे आभार माना.

पण हे सगळं गणित ज्यांना दुसरं घर सहज मिळतं त्यांच्यासाठी. आम्हा दोघींची गोष्ट जराशी वेगळी आहे. आम्ही दोघी तिशीच्या पुढच्या, दोघी अविवाहित. घर शोधायला निघालो की एजंटचा पहिला प्रश्न बजेटचा नसतो, ‘फॅमिली आहे का?’ हा असतो. ‘सोसायटी बॅचलर अलाउड करत नाही मॅडम.’ मग एखादं घर मिळतं, तिथे रात्री दहानंतर मित्र नकोत, गच्चीवर जायचं नाही, नॉनव्हेज नको. आठ वर्षांत माझं हे सहावं घर आहे. माझ्याकडे एक सूटकेस आहे, तिच्यात फक्त पडदे आहेत. प्रत्येक घराच्या खिडकीची उंची वेगळी, त्यामुळे कुठलाच पडदा पुढच्या घरी बसत नाही, आणि टाकवतही नाही. बँकेच्या कागदांवर अजून साताऱ्याचा, आई-बाबांचा पत्ता आहे. अकरा महिन्यांसाठी पत्ता कोण बदलणार?

म्हणून त्या रविवारी काकांकडे जायच्या आधी आम्ही एकच गोष्ट ठरवली. ट्रॉल्या नकोत. तारीख हवी. दोन वर्षांचा करार, दोन्ही वर्षांचं भाडं आजच लिहून.

काका दचकलेच. ‘दोन वर्षं? छे छे, करार अकरा महिन्यांचाच असतो.’

हा अकराचा आकडा आला कुठून, हे कधी शोधलंय? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. म्हणून लोकांनी अकरावर कुंपण घातलं, नोंदणीही नको आणि खर्चही नको. पण महाराष्ट्रात हे कारण केव्हाच उरलेलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमानुसार घराचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे अकराचा आकडा उरलाय तो फक्त सवयीचा.

सवयीचा आणि भीतीचा. काकांची भीती खोटी नाही, हेही सांगायला हवं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. मग १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला लायसन्सवर राहत असलेल्यांना एका फटक्यात भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ‘थोडे दिवस राहा’ म्हणून दिलेली घरं मालकांना परत मिळेनात. काकांच्या वडिलांच्या पिढीने हे बघितलं, आणि ‘कुणाला फार दिवस ठेवू नये’ हे वाक्य वारशात दिलं. आजचा कायदा तसा नाही. नोंदणीकृत करार संपला की २४ व्या कलमाखाली घर सोडावंच लागतं. नाही सोडलं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तेवढ्या काळाचं दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून द्यावं लागतं. मुदत अकरा महिन्यांची असो वा चोवीस, हे कलम तेच.

हे सगळं मी काकांना सांगितलं, जरा कमी शब्दांत आणि काकूंच्या पोह्यांचं कौतुक करत करत. मग खर्चाचं सांगितलं, कारण तिथे काका लगेच कान टवकारतात. मुद्रांक शुल्क पाव टक्का, मुदतीतलं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. शहरात नोंदणी फी हजार रुपये. दोन वर्षांचा एकच करार केला तर आमच्या आकड्यांत १,८२० अधिक १,०००, म्हणजे २,८२०. अकरा-अकरा महिन्यांचे दोन केले तर प्रत्येकी साधारण १,८००, मिळून ३,६००, आणि एजंटची घरी येऊन अंगठे घ्यायची फी दोनदा. बावीस महिन्यांसाठी चोवीसपेक्षा जास्त पैसे मोजायचे, हे काकांना आजिबात पटलं नाही.

तरी ते गप्प होते. मग काकूच बोलल्या. ‘अगं, पैशांचं नाही. तुमची लग्नं ठरली तर? मध्येच जाल ना तुम्ही.’

म्हणजे आम्हाला ट्रॉल्या मिळू शकतात, दोन वर्षं नाही. कारण आम्ही दोघी म्हणजे वेटिंग रूममध्ये बसलेल्या मुली. आमची गाडी कधीही लागेल. राग आला, पण काकूंचा आला नाही. त्या मनापासून विचारत होत्या, आणि आमच्या आयाही दर रविवारी फोनवर हेच विचारतात. रूममेट शांतपणे म्हणाली, ‘काकू, समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं सहा महिन्यांत बंगलोरला गेलं ना हो? लग्न झालेलं होतं त्यांचं.’ काका हसले. तिथून पुढे बोलणं सोपं झालं.

जायचं झालं तर काय, यासाठी करारात एक ओळ असते. पहिले बारा महिने लॉक-इन, दोघांनाही. त्यानंतर आम्ही एक महिन्याची नोटीस देऊन निघू शकतो. काकांना घर हवं असेल तर त्यांनी तीन महिने आधी सांगायचं. अशी ओळ नसेल तर दोन वर्षांच्या करारात शिरू नका, तो करार आपल्यालाच गळफास होतो. नोकरी सुटते, ऑनसाइटला जावं लागतं, आणि हो, कधी कधी लग्नंही ठरतात.

भाडं ठरलं पहिल्या वर्षी २९ हजार, दुसऱ्या वर्षी ३०. काकांनी तीन हजार मागितले होते, त्यातले दोन त्यांना मिळाले, पण टप्प्याने. आणि अपग्रेड? ते आम्ही सोडलं नाही बरं का. फक्त यादी बदलली. सगळ्या खिडक्यांना डासांची जाळी. दोन्ही बेडरूममध्ये टेबलाशेजारी दोन-दोन जादा प्लग पॉइंट, कारण वर्क फ्रॉम होमच्या दिवशी एक्स्टेन्शन बोर्डांच्या वायरींत अडखळून मी एकदा लॅपटॉपसकट पडले होते. मुख्य दाराला सेफ्टी डोअर. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी नळ. सगळं मिळून काकांना २६ हजार खर्च आला. ट्रॉल्यांच्या जवळपास निम्मा.

यातली एकही गोष्ट जाहिरातीच्या फोटोत उठून दिसत नाही. मला वाटतं, भाडेकरूच्या कामाचं अपग्रेड ओळखायची खूण हीच. मालकाला सुचतं ते फॉल्स सीलिंग, टेक्स्चर, मॉड्युलर किचन. आपल्याला रोज लागतो तो प्लग पॉइंट. एसीचंही तसंच. मालकाने एसी लावून दिला तर छान, पण दुरुस्ती कोणाकडे, गॅस कोण भरणार, हे लिहून घेतलं नाही तर तो एसी आपल्या डिपॉझिटमधून श्वास घेतो. माझ्या एका कलीगने घरमालकाच्या ‘तू बसव, भाड्यातून वळते करू’ या शब्दावर वॉर्डरोब करून घेतला. वर्षाने मालकाच्या मुलाने व्यवहार हातात घेतला आणि वॉर्डरोबचा विषयच त्याला माहीत नव्हता. घरमालक वाईट नव्हता. कागद नव्हता.

आम्ही आमची यादी कराराच्या परिशिष्टात टाकली. काय बसवायचं, कोणत्या तारखेपर्यंत, बिघडलं तर कोण बघणार. काकांनी ‘एवढं काय गं, शब्दावर विश्वास नाही का?’ म्हणून पाहिलं. मी म्हटलं, ‘काका, विश्वास आहे म्हणूनच दोन वर्षं मागतेय.’

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एजंटचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला. आमचे अंगठे लगेच लागले. काकांचा लागेना. पुसला, धुतला, काकूंनी थोडं खोबरेल लावून दिलं, तरी नाही. सातव्या खेपेला डाव्या हाताची तर्जनी लागली. १ सप्टेंबर २०२५ ते ३१ ऑगस्ट २०२७.

जाळ्या वेळेत बसल्या, सेफ्टी डोअरला मात्र दसरा उजाडला. बँकेतला पत्ता मी नोव्हेंबरमध्ये बदलला. पडदे नवे शिवले, या खिडक्यांच्या मापाचे. ट्रॉल्यांचं काका म्हणाले, ‘२०२७ ला बघू.’ तोवर कुकर काढायला आधी तीन पातेली बाहेर काढावी लागतात.